दात घासता की भांडी?

परवा बाथरूममधला आरशाखालचा कप्पा पुसायला काढला आणि सहज मोजल्या, तर टूथपेस्टच्या पाच ट्यूबा निघाल्या. घरात माणसंही पाचच. आम्ही दोघं, मुलगा, सून आणि नात. म्हणजे हिशेब बरोबर जुळला असं तुम्हाला वाटेल. पण तसं नाही. त्या पाचांतल्या तीन एकट्या माझ्या होत्या!

माझ्या लहानपणी आमच्या घरात अकरा माणसं होती आणि राखुंडीचा डबा एक. सकाळी परसात ओळीने बसून सगळ्यांनी तर्जनीने दात घासायचे, चुळा भरायच्या की झालं. कुणाचे दात किती पांढरे याची चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. आजीचे दात तर मशेरीने काळेच होते. आणि आता वयाच्या पंच्याहत्तरीत मी तीन ट्यूबांची मालकीण झाले. हे कसं झालं ते सांगते. जरा पाल्हाळ होईल, पण शिक्षकाच्या जातीला त्याला इलाज नाही.

२०२४ च्या मे महिन्यात आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. मुलांनी हौसेने समारंभ केला. हार घातले, केक कापला, फोटोग्राफरने "हसा, हसा" म्हणून भंडावून सोडलं. पंधरा दिवसांनी फोटो आले. आठ वर्षांची नात माझ्या मांडीवर बसून ते बघत होती. एकदम म्हणाली, "आजी, आजोबांचे दात किती पांढरे आहेत, आणि तुझे किती पिवळे!"

सगळे हसले. मीही हसले, पण तोंड मिटून. ह्यांचे दात पांढरे असणारच हो! ते रात्री वाटीत पाण्यात काढून ठेवतात!

लहान मुलाच्या बोलण्याचा राग धरायचा नसतो हे मी पस्तीस वर्षं शाळेत शिकले. पण ते वाक्य मनातून जाईना. दर सोमवारी प्रार्थनेनंतर ओळीतल्या पोरांची नखं आणि दात तपासणारी बाई मी. आणि माझेच दात पिवळे? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फिरायला म्हणून बाहेर पडले आणि दुकानातून दात पांढरे करणारी पेस्ट घेऊन आले. कुणाला सांगितलं नाही. या वयात कसली हौस, असं कुणी म्हणायला नको.

खरं सांगायचं तर सुरुवातीला गुण आला. दोनतीन आठवड्यांत चहाचे तपकिरी डाग गेले. मग मला हुरूप आला. एवढ्याने एवढा फरक, तर जास्त घासलं की जास्त फरक, असं साधं त्रैराशिक मी मांडलं. दिवसातून दोनदाचं तीनदा केलं. मऊ ब्रश होता तो बदलून कडक आणला. सकाळी उठल्याबरोबर कोमट पाण्यात लिंबू आणि मध घ्यायची माझी दहा वर्षांची सवय. ते पेलाभर पाणी प्यायचं आणि लगेच ब्रश हातात घ्यायचा. आंबट तोंडाने बसायला नको म्हणून!

यंदाच्या उन्हाळ्यात माठातल्या पाण्याचा पहिला घोट घेतला आणि डोळ्यांसमोर काजवे चमकले. खालच्या डाव्या बाजूच्या दातांतून अशी कळ गेली की पेला हातातून पडायचा राहिला. मग कैरीचं पन्हं, मग ताक, मग पहाटेच्या गार वाऱ्यात तोंड उघडलं तरी दात शिवशिवायला लागले. टीव्हीवर आइस्क्रीम खाताना गालाला हात लावणारी माणसं दिसतात ना, तशी माझी गत झाली. मग त्याच जाहिरातीच्या सल्ल्याने संवेदनशील दातांसाठीची पेस्ट आणली. सकाळी पांढरं करणारी, रात्री कळ थांबवणारी. एका हाताने सोलायचं आणि दुसऱ्या हाताने फुंकर घालायची, असा तो कारभार. तिसरी ट्यूब दोन्ही गुण एकत्र असलेली होती. ती एकावर एक फुकट मिळाली म्हणून आली.

शेवटी सुनेने दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. आमच्याच कॉलनीतली मुलगी आहे, चारपाच वर्षांपासून दवाखाना चालवते. तिने तोंडात छोटा आरसा घातला, दिवा लावला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "काकू, तुम्ही दात घासता की भांडी?"

मग माझ्या हातात दुसरा आरसा देऊन तिने दाखवलं. हिरडीच्या अगदी वर, दाताच्या मानेशी, आडव्या खाचा पडल्या होत्या. कुऱ्हाडीचा घाव झाडाच्या बुंध्यावर बसावा तशा. डाव्या बाजूला जास्त. मी उजव्या हाताने घासते, त्यामुळे डाव्या बाजूला जोर जास्त लागतो, असं तिने सांगितलं. "एका दिवसात नाही झालं हे. पण गेल्या वर्षभरात तुम्ही चांगलीच घाई केलीत."

त्या दिवशी दवाखान्यात गर्दी नव्हती. मी प्रश्न विचारत गेले, ती सांगत गेली. घरी येऊन मी नातवंडांच्या पुस्तकांतून आणि इकडून तिकडून आणखी वाचलं. वर्गात शिकवायचं असल्यासारखे टिपण काढले. ते तुम्हालाही सांगते, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या कप्प्यात त्याच ट्यूबा असणार याची मला खात्री आहे.

दाताच्या बाहेरचं जे कवच असतं ते इनॅमल. आपल्याकडे त्याला दंतवल्क म्हणतात. वल्क म्हणजे साल. वजनाने ९६ टक्के खनिज, शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. चावायच्या टोकाशी ते दोन-अडीच मिलिमीटर जाड असतं आणि हिरडीजवळ येता येता अगदी पातळ होतं. शब्द सुंदर आहे, पण एका बाबतीत फसवा. झाडाची साल खरवडली तर झाड ती भरून काढतं. दाताचं कवच तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंतच असतात, नंतर त्या उरतच नाहीत. म्हणजे सहासात वर्षांच्या पोराला जे मिळालं, तेच त्याने म्हातारपणापर्यंत पुरवायचं. शिवाय इनॅमलमध्ये नस नाही. त्यामुळे ते झिजताना दुखत नाही, कुरकुरत नाही. आपल्याला कळतं तेव्हा आतला थर उघडा पडलेला असतो.

हा आतला थर म्हणजे डेंटिन. तो इनॅमलपेक्षा बराच मऊ आणि रंगाने मुळातच पिवळसर. आणि इथेच माझ्या त्रैराशिकाचा पाया ढासळला. दाताचा पिवळेपणा दोन प्रकारचा असतो. एक वरून चिकटलेला, चहाचा, कॉफीचा, तंबाखूचा. तो घासून जातो. दुसरा आतल्या डेंटिनचा, जो अर्धपारदर्शक इनॅमलमधून दिसतो. वय वाढतं तसं इनॅमल पातळ होतं आणि आतला पिवळा रंग जास्त दिसू लागतो. वरचा डाग गेल्यावरही मी घासत राहिले, ते पांढरं कवचच कमी करत राहिले. भिंतीचा पिवळेपणा जावा म्हणून चुनाच खरवडून काढावा, आणि आतली माती दिसली की आणखी खरवडावं, असा तो प्रकार.

पांढरं करणाऱ्या बहुतेक पेस्टचं काम तीन गोष्टींवर चालतं. मुख्य म्हणजे घासणारी पूड, बहुधा सिलिका. ती साध्या पेस्टमध्येही असते, इथे तिचं प्रमाण किंवा खरखरीतपणा जास्त असतो. काहींमध्ये डाग सुटे करणारी रसायनं किंवा थोडं पेरॉक्साइड असतं. आणि काहींमध्ये चक्क निळा रंग असतो! पांढऱ्या धोतराला आपण नीळ घालायचो ना, तोच हा न्याय. निळ्या झाकेमुळे पिवळा रंग डोळ्याला कमी दिसतो. त्यात दाताला इजा काही नाही, पण दात पांढरा झाला असंही नाही.

पेस्ट किती घासते हे मोजायचं माप आहे. त्याला आरडीए म्हणतात. काढलेल्या दातांचं डेंटिन किरणोत्सारी करून घेतात, यंत्राने त्यावर पेस्ट आणि ब्रश फिरवतात आणि किती डेंटिन सुटून आलं ते किरणोत्सारावरून मोजतात. ठरवून दिलेल्या एका पुडीला १०० गुण आणि बाकीच्यांना तिच्या तुलनेत. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे २५० ही वरची मर्यादा. पांढरं करणाऱ्या पेस्टचे आकडे साधारणपणे जास्त असतात, सगळ्यांचे नव्हे. मी लगेच चष्मा लावून माझी तिन्ही खोकी शोधली. सुवास, ताजेपणा, तारे, चमक, सगळं होतं. हा आकडा एकाही खोक्यावर नव्हता.

पण पेस्टवाल्यांना नुसतं झोडपणंही बरोबर नाही. डॉक्टर म्हणाली, मर्यादेतली पेस्ट, मऊ ब्रश आणि हलका हात असेल तर धडधाकट इनॅमल जन्मभरातसुद्धा फार थोडं झिजतं. घासणारी पूड इनॅमलपेक्षा बहुधा मऊच असते. घोळ होतो तो दोन ठिकाणी. पहिलं ठिकाण दाताची मान. वयाने किंवा जोराच्या घासण्याने हिरडी खाली सरकली की मुळाकडचं डेंटिन उघडं पडतं. त्याच्यावर इनॅमल नसतंच. ते इनॅमलच्या कितीतरी पट लवकर झिजतं. माझ्या खाचा तिथल्याच.

दुसरा घोळ आंबटाचा. हे मात्र मला अजिबात माहीत नव्हतं. तोंडातली आम्लता वाढून पीएच साधारण साडेपाचच्या खाली गेला की इनॅमलमधलं खनिज विरघळायला लागतं. लिंबाच्या रसाचा पीएच दोन ते अडीचच्या आसपास. आंबट खाल्ल्यावर काही वेळ इनॅमलचा वरचा थर मऊ पडतो. लाळ हळूहळू आम्ल धुऊन काढते, खनिजं परत बसवते, पण त्याला वेळ लागतो. त्या वेळात ब्रश फिरवला की मऊ झालेला थर निघून जातो. म्हणजे दहा वर्षं मी रोज सकाळी लिंबूपाणी पिऊन आधी कवच भिजवत होते आणि शेवटच्या वर्षी ते खरखरीत पेस्टने पुसून काढत होते! "काकू, लिंबूपाणी सोडवत नसेल तर आधी दात घासा आणि मग प्या," डॉक्टर म्हणाली. "आंबट खाल्ल्यावर घासायचेच असतील तर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर थांबा. तोवर साध्या पाण्याने चूळ भरा." वयाने आणि काही औषधांच्या गोळ्यांनी तोंडाला कोरड पडते, लाळ कमी होते, त्यामुळे आपल्यासारख्यांनी हे जास्तच पाळायचं.

गंमत बघा, आपल्या भाषेला हे आधीच ठाऊक होतं. चिंचा, कैऱ्या खाल्ल्या की आपण "दात आंबले" म्हणतो. जीभ आंबली असं म्हणत नाही. आंबलेल्या दाताला आईने कधी राखुंडी लावू दिल्याचं मात्र मला आठवत नाही. "आता काही चावू नको," एवढंच ती म्हणायची.

आता ती कळ थांबवणारी पेस्ट. डेंटिनमध्ये बारीक नळ्या असतात, एका चौरस मिलिमीटरमध्ये हजारोंनी. त्यांच्यात द्रव भरलेला असतो. नळ्यांची तोंडं उघडी पडली की गार, गरम, गोड लागताच तो द्रव हलतो आणि आतल्या नसेला झटका बसतो. १९६० च्या दशकात स्वीडनच्या ब्रॅनस्ट्रॉम या संशोधकाने हे उलगडून दाखवलं. या पेस्ट दोन प्रकारे काम करतात. काहींतलं पोटॅशियम नायट्रेट नसेला शांत करतं. काहींतली द्रव्यं, स्ट्रॉन्शियम, आर्जिनिन, कथलाचं फ्लोराइड वगैरे, नळ्यांची तोंडं बुजवतात. गुण यायला दोनचार आठवडे रोज वापरावी लागते. बोटाने लावली आणि कळ गेली, असं नेहमी होत नाही.

या पेस्ट चांगल्या आहेत, मी अजूनही वापरते. पण त्या गेलेलं इनॅमल परत आणत नाहीत. फ्लोराइड आणि लाळ मऊ पडलेल्या थराला पुन्हा कडक करू शकतात, जो थर निघूनच गेला त्याला नाही. आणि एक धोका असा की कळ ही दाताची हाक असते. मी ती हाक बंद केली आणि सकाळचं खरवडणं चालूच ठेवलं. दुखत नव्हतं, त्यामुळे आणखी जोराने! कळ थांबवण्याबरोबर पांढरंही करते असं म्हणणारी प्रत्येक पेस्ट सौम्य असेलच असंही नाही.

कुणी म्हणेल, यापेक्षा आपलं जुनं बरं होतं. मला नाही तसं वाटत. राखुंडी, मीठ, कोळसा, गेरूची लाल पूड, हे सगळं खरखरीतच. आजीच्या मशेरीत तर तंबाखू. मंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला आपल्याकडे १९९२ साली बंदी आली, तरी मशेरी भाजायचा वास अजून कुठे कुठे येतोच. आता तोच कोळसा काळ्या ट्यूबेत भरून मिळतो. पाचांतली एक तसली होती, चिरंजीवांची. अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेच्या नियतकालिकात २०१७ साली कोळशाच्या मंजनांवरच्या अभ्यासांचा आढावा आला होता. त्यांचा गुण आणि त्यांची सुरक्षितता या दोन्हींबद्दल पुरेसा पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष. आजीने शेगडीतला कोळसा फुकट दिला असता, असं मी चिरंजीवांना सांगितलं. ह्यांनीही कवळीला माझी पेस्ट लावायचा प्रयोग केला होता. तोही बंद करायला लावला, कारण त्या पुडीने कवळीच्या प्लॅस्टिकवर ओरखडे पडतात आणि त्यांत घाण साठते.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. उठता उठता मी डॉक्टरला म्हटलं, "म्हणजे नुसतं घासून सगळेच दात पांढरे होत नाहीत तर."

ती म्हणाली, "नाही ना. माझ्याकडे यवतमाळकडची माणसं येतात, पांढरकवडा, झरीकडची. दातांवर तपकिरी पट्टे असतात. पाण्यातल्या फ्लोराइडचे. पांढरे करून द्या म्हणतात. बिचाऱ्यांनी घासून घासून वाट लावलेली असते. ते डाग बाहेरून लागलेलेच नसतात, काकू. लहानपणी दात हाडात घडत असताना ते पाणी पोटात गेलेलं असतं."

मी परत खुर्चीत बसले.

१९८४ साली मी पांढरकवड्याकडच्या एका गावी प्राथमिक शाळेत होते. बहात्तरच्या दुष्काळानंतर त्या भागात हातपंप आले होते. आमच्या शाळेसमोरही एक होता. खोल खडकातलं स्वच्छ, गार पाणी. विहिरीच्या गढूळ पाण्यापेक्षा कितीतरी चांगलं, असं आम्ही सगळे म्हणायचो. मी तर मुलांना सांगायचे, पंपाचंच पाणी प्या.

सहावीच्या वर्गात एक मुलगी होती. नाव लिहीत नाही. हुशार, कविता तालात म्हणणारी, पुढच्या बाकावरची. तिच्या वरच्या दातांवर तपकिरी पट्टे होते. दर सोमवारी दात तपासताना मी तिच्यापाशी थांबायची. आणखी तीनचार पोरांचे दात तसे होते, पण तिचे जास्त दिसायचे, कारण ती हसायची फार. मी म्हणायची, "घासत नाहीस का गं?" ती म्हणायची, "घासतो जी बाई." मला ते खोटं वाटायचं.

एका सोमवारी मी तिला ओळीतून बाहेर काढलं. सगळ्या शाळेसमोर म्हटलं, "जा, पंपावर जा, आणि दात स्वच्छ घासून ये. डाग गेल्याशिवाय वर्गात यायचं नाही."

पहिला तास संपला, दुसरा सुरू झाला, ती आली नाही. बघायला गेले तर पंपाच्या ओट्यावर बसून ती विटकरीच्या चुऱ्याने दात घासत होती. बोट लाल झालं होतं. मला वाटलं विटेचा रंग. हिरड्यांतून रक्त येत होतं. मला बघून उठली आणि म्हणाली, "लय घासले जी बाई. निघतच नाईत."

मी तिला वर्गात घेतलं. रागावले नाही, एवढंच. चुकलं असंही म्हटलं नाही, कारण तेव्हा मला चुकलं असं वाटलंच नव्हतं. त्यानंतर ती हसताना तोंडावर हात धरायला लागली. दोन वर्षांनी माझी बदली झाली.

पुढे केव्हातरी वर्तमानपत्रात फ्लोराइडच्या पाण्याबद्दल वाचलं होतं. लिटरला दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त झालं की ते घातक, थोडं असेल तर तेच दाताला बळकटी देतं, वगैरे. वाचलं आणि पान उलटलं. त्या मुलीशी त्याचा संबंध मी जोडला नाही, किंवा जोडायचं टाळलं. आता कळलं की ज्या पंपावर मी तिला डाग घालवायला पाठवलं, ते डाग बहुधा त्याच पाण्याने दिलेले होते. शिवाय तसं इनॅमल आतून सच्छिद्र आणि ठिसूळ असतं. म्हणजे इतरांपेक्षा जपून घासायला हवेत असे ते दात, आणि मी ते विटेने घासायला लावले.

दोन रात्री झोप लागली नाही. मग जुन्या विद्यार्थ्यांपैकी एकाला फोन केला. त्याने तिसऱ्याला विचारून चार दिवसांनी नंबर दिला. ती आता वणीकडे असते. मुलगा नागपूरला नोकरीला आहे.

तिने लगेच ओळखलं. आवाज तसाच, मोकळा. ख्यालीखुशाली झाली. मग मी तो सोमवार सांगितला. ती हसली. "तुमाले काय आठवलं बाई आता हे? मले तर नाई आठवत."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखं वाटलं. पण जरा थांबून तीच म्हणाली, "पण दातं मी अजून लय घासतो जी. दोन टाइम. पोरानं नागपूरहून ते पांढरं व्हायचं पेस्ट आणून देल्लं. जोर लावून घासतो. थंड पाण्यानं कळा निघतात, पण सोडलं नाई."

चाळीस वर्षं! मी फोन धरून उभीच राहिले. मग मी तिला सगळं सांगितलं, वर तुम्हाला सांगितलं ते, सोप्या शब्दांत. मऊ ब्रश घे. पेन धरतो तसा तीन बोटांनी धर, मुठीत नको. पेस्ट वाटाण्याएवढी. हळू हात. पांढरं करायची पेस्ट बंद कर, कळेसाठीची लाव. घासून झाल्यावर थुंक, पण खळखळून चूळ भरू नको, औषध दातावर जरा राहू दे. आणि एकदा दातांच्या डॉक्टरकडे जा, त्या डागांवर तिथे काही उपाय होतात, घरी घासून नाही. आणि शेवटी म्हटलं, "तुझी काही चूक नव्हती. ते पाण्याने झालं होतं. चूक माझी होती."

पलीकडे बराच वेळ आवाज आला नाही. मला वाटलं फोन कटला. मग तिने विचारलं, "मंग तो मळ नव्हता, बाई?"

"नाही गं. मळ नव्हता."

"मले सासूबी म्हणे, माहेरी कोणी दात घासाले शिकवलं नाई म्हणून," ती म्हणाली. आणि मग दुसराच विषय काढला, कापसाचा.

असो.

माझ्या दोन खोल खाचा डॉक्टरने भरून दिल्या. बाकीच्या तशाच आहेत, त्यांच्यावर लक्ष ठेवायचं आहे. कप्प्यात आता दोनच ट्यूबा आहेत, एक सगळ्यांची आणि एक माझी कळेची. लिंबूपाणी दात घासल्यानंतर. कडक ब्रश चपला घासायला काढला. त्या पन्नाशीच्या फोटोतला एक मोठा करून मुलाने दिवाणखान्यात लावला आहे. त्यात माझे पिवळे दात दिसतात आणि शेजारी ह्यांचे पांढरे. नातीला मी समजावून सांगितलं की आजोबांचे दुकानातले आहेत आणि माझे माझे आहेत. तिने विचारलं, "मग माझे पण पिवळे होणार?" म्हटलं, हो, थोडे होतील, माझ्याएवढी झालीस की.

गेल्या रविवारी वणीहून फोन आला होता. थंड पाण्याची कळ पुष्कळ कमी झाली म्हणे. डॉक्टरकडे अजून गेलेली नाही. कापूस निघाला की जाते म्हणाली. मी दर रविवारी आठवण करणार आहे.